लोबान म्हणजे नक्की काय? शेफर यांचं सुगंधी द्रव्यांचं प्रकरण, साठ वर्षांनी वाचताना

माझ्या सिनॉप्सिसच्या वेळची गोष्ट आहे. माझं काम झाडांच्या राळांवर, म्हणजे त्यांतले रेणू ओळखण्यावर. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये मी सरळ लिहून टाकलं होतं की फ्रँकिन्सेन्स म्हणजे लोबान आणि तो बॉसवेलिया वंशातल्या झाडांपासून मिळतो. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "घरी लोबान जाळता का? कुठल्या झाडाचा असतो तो?" मी बिनधास्त सांगितलं, "बॉसवेलिया." त्या म्हणाल्या, "बाजारातून आणा आणि बघा."

आणला. पूजेच्या दुकानातून दोन पुड्या. दोन्हींना व्हॅनिलाच्या जवळ जाणारा गोडसर वास. जीसी-एमएसवर घातल्यावर बॉसवेलिक आम्लांचा पत्ताच नाही, उलट सिनॅमिक आम्लाचं भलं मोठं शिखर. म्हणजे बेंझॉइन, स्टायरॅक्स वंशातल्या झाडाचं. बरं, नाव तरी चुकलं का? अरबीत 'लुबान' म्हणजे फ्रँकिन्सेन्सच. पण सुमात्राच्या बाजूने येणाऱ्या वेगळ्या राळेला व्यापारी 'लुबान जावी' म्हणायला लागले, त्याचं युरोपात घासून घासून 'बेंझॉइन' झालं, आणि आपल्याकडे पुढचा 'लोबान' तेवढा उरला. 'ऊद'चंही तेच. अरबीत ऊद म्हणजे अगरूचं लाकूड. आपल्या आजीच्या ऊदात लाकूड नसतंच, तीही राळच.

तेव्हा गाईडनी एक पुस्तक हातात दिलं आणि म्हणाले, रसायनाच्या आधी हे वाच. एडवर्ड शेफर यांचं 'द गोल्डन पीचेस ऑफ समरकंद', १९६३ सालचं. चीनच्या थांग राजवटीत, म्हणजे इ. स. ६१८ ते ९०७ या काळात, परदेशातून काय काय आलं याचं हे पुस्तक. माणसं, घोडे, पक्षी, लाकूड, रत्नं, आणि त्यातलं एक पूर्ण प्रकरण सुगंधी द्रव्यांचं. या लेखात मी मुख्यतः त्या एका प्रकरणाबद्दल लिहिणार आहे. जे पीएचडीला लागायच्या तयारीत आहेत, त्यांना "जुना क्लासिक संदर्भ कसा वाचायचा" हा प्रश्न लवकरच पडणार आहे. मला तो या प्रकरणात पडला.

आधी त्यातलं जे मला फार आवडलं ते. शेफर पदार्थ घेतात आणि त्याच्या नावाचा पिच्छा पुरवतात. 'आन्शीशियांग' हे चिनी नाव घ्या. आन्शी म्हणजे पार्थिया, इराणचं जुनं राज्य. तेव्हा आन्शीशियांग म्हणजे पार्थियाचा सुगंध. सुरुवातीला या नावाखाली जे येत होतं ते पश्चिमेच्या खुश्कीच्या वाटेनं येणारं गुग्गुळ होतं. पुढे समुद्री व्यापार वाढला, दक्षिणेकडून बेंझॉइन येऊ लागलं, आणि नाव तेच राहून आतला पदार्थ बदलला. म्हणजे आमच्या लोबानाच्या पुडीत जे झालं, तेच चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी झालेलं! शेफर इथे कुठल्याही एका अर्थावर हट्ट धरत नाहीत. कुठल्या काळात कुठला अर्थ, हे उलगडून दाखवतात. हे काम त्यांनी एकट्यानं केलेलं नाही, आधीच्या अभ्यासकांच्या खांद्यावर उभं राहून केलंय, आणि ते तसं मान्यही करतात.

दुसरं उदाहरण 'सूहे', म्हणजे स्टोरॅक्स. चीनमध्ये लोक असं धरून चालत होते की सूहे म्हणजे सिंहाची विष्ठा. पाचव्या-सहाव्या शतकातले औषधतज्ज्ञ थाओ होंगचिंग यांनी हा समज नोंदवून ठेवला आणि सोबत हेही नोंदवलं की परदेशी लोक मात्र असं म्हणत नाहीत. मला हे वाचून हसू आलं, पण नंतर लक्षात आलं की हे चक्क 'परस्परविरोधी साक्ष' नोंदवणं आहे. आपल्यातले कित्येक जण रिव्ह्यू लिहिताना एवढंही करत नाहीत. दोन पेपर दोन गोष्टी सांगत असतील तर सोयीचा ठेवतो आणि दुसरा गाळतो.

आता तक्रारी.

पहिली तक्रार 'चेनशियांग'बद्दल. शेफर याचं भाषांतर ॲलोजवूड करतात, आपण अगरू म्हणू. वनस्पतिशास्त्रात मग ॲक्विलेरिया वंश. झालं, समीकरण सुटलं. पण चेनशियांगचा शब्दशः अर्थ आहे 'बुडणारा सुगंध'. ॲक्विलेरियाचं निरोगी लाकूड हलकं असतं, पाण्यावर तरंगतं, आणि त्याला फारसा वासही नसतो. झाडाला जखम झाली, बुरशी लागली, की ते आपल्या बचावासाठी राळ तयार करतं. ती राळ लाकडात इतकी मुरली की ते पाण्यात बुडतं, मग ते चेन. अर्धवट बुडणाऱ्याला वेगळं नाव, तरंगणाऱ्याला आणखी वेगळं. म्हणजे हे नाव झाडाचं नाहीच. ती घनतेची चाचणी आहे! विज्ञानाच्या विद्यार्थ्यानं इथे थांबायला हवं, कारण चिनी व्यापाऱ्याचं वर्गीकरण राळेच्या प्रमाणावर होतं आणि आपलं वर्गीकरण वंश-जातीवर आहे. एकाच झाडाचे दोन तुकडे त्याच्या दृष्टीनं दोन वेगळे पदार्थ असू शकतात. शेफर यांना हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणत नाही. पण एकदा इंग्रजी नाव बसवलं की पुढच्या सगळ्या वाक्यांत ते नावच चालत राहतं आणि ती पाण्यातली चाचणी मागे पडते. पुढे सोंग काळात तिंग वेई या मंत्र्याला हाइनान बेटावर हद्दपार केलं गेलं आणि त्यानं तिथल्या अगरूवर निबंध लिहिला. त्यात प्रती, दर्जे, गुण यांचा विचार किती बारकाईनं होत होता ते दिसतं. थांगपुरतंच थांबल्यामुळे शेफर यांच्या प्रकरणात हा धागा येत नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे, आणि ती खरं तर पुस्तकाच्या चौकटीबद्दल आहे. पुस्तकाचा विषयच 'परदेशी नवलाईच्या वस्तू'. त्यामुळे वाचताना नकळत असं चित्र तयार होतं की चीनमध्ये सुगंध बाहेरून आला. प्रामाणिकपणे सांगायचं तर शेफर यांनी प्रस्तावनेतच सांगितलंय की हा व्यापाराचा हिशेब नाही, त्यांना मानव्यविद्येच्या अंगानं निबंध लिहायचा होता. म्हणून त्यांना आकडेवारी मागणं अन्यायाचं होईल. पण वाचक म्हणून आपण ती चौकट विसरतो हे खरं. त्यांच्या प्रकरणाशेजारी दोन थडगी ठेवून बघा.

छांगशाजवळ मावांगतुई इथे १९७२ मध्ये हान काळातल्या एका सरदारपत्नीचं थडगं उघडलं. इ. स. पूर्व दुसरं शतक. त्यात मातीची धूपपात्रं सापडली आणि एका पात्रात चार वनस्पतींचं मिश्रण होतं: एक सुवासिक गवत, कुळिंजनाच्या जातीचं मूळ, मॅग्नोलियाच्या कळ्या आणि आणखी एक सुगंधी मूळ. एकही परदेशी राळ नाही. म्हणजे सुगंधांचं मिश्रण करायची कल्पना चीनमध्ये राळा येण्याआधीपासून होती. दुसरं थडगं क्वांगचौमधलं, नानयुए राज्याच्या राजाचं, १९८३ मध्ये सापडलेलं. तेही दुसऱ्याच शतकातलं. त्यात एकमेकांना जोडलेल्या चार कप्प्यांची कांस्य धूपपात्रं आहेत आणि फ्रँकिन्सेन्ससारखा दिसणारा राळेचा पदार्थही. समुद्राच्या काठावर असलेल्या राज्यात असं काही मिळणं समजण्यासारखं आहे.

इथे वस्तूच्या आकाराचं रसायन बघण्यासारखं आहे. वाळलेलं गवत स्वतःच धुमसत जळतं, त्याला उथळ भांडं आणि भरपूर हवा लागते. राळ तशी जळत नाही, तिच्याखाली निखारा लागतो. निखारा ठेवायचा तर भांडं खोल हवं, वर झाकण हवं, हवा बेताची हवी. हान काळातलं प्रसिद्ध 'बोशानलू' हे असंच खोल पात्र. झाकण डोंगरासारखं, शिखरांच्या मागे दडलेल्या छिद्रांतून धूर निघतो आणि डोंगरावर ढग उतरल्यासारखा दिसतो. मानछंग इथे १९६८ मध्ये राजपुत्र लिऊ शंग याच्या थडग्यात सापडलेलं सोन्याच्या नक्षीचं बोशानलू फोटोत जरूर पाहा. हा राजपुत्र इ. स. पूर्व ११३ मध्ये वारला. कलेच्या पुस्तकांत या पात्राबद्दल अमर लोकांचे डोंगर, ताओवादी स्वर्ग वगैरे पुष्कळ वाचायला मिळतं, आणि ते चूक नाही. पण ते झाकण हवा आवरण्याचंही काम करतं, हे कोणीतरी सांगायला हवं ना? मला इथे कलेचा आणि भट्टीचा इतिहास वेगळा काढताच येत नाही.

आता फामेन मंदिराकडे येतो, कारण शेफर यांच्या प्रकरणाची खरी परीक्षा तिथे झाली. तीही पुस्तकानंतर बऱ्याच वर्षांनी.

शान्शी प्रांतात फूफंग इथे हे मंदिर आहे. त्याच्या स्तूपाखालचं तळघर इ. स. ८७४ मध्ये बंद केलं गेलं. १९८१ च्या पावसात स्तूप अर्धा कोसळला आणि १९८७ मध्ये ते तळघर सापडलं. बुद्धाच्या बोटाचा अवशेष म्हणून जपलेली अस्थी आणि तिला राजघराण्यानं अर्पण केलेल्या वस्तू. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वस्तूंची यादी कोरलेली शिळा. संशोधकासाठी याहून मोठी भेट नाही. वस्तूही आहेत आणि त्या काळच्या कारकुनानं लिहिलेली त्यांची नावंही.

या शिळेनं एक जुना घोळ मिटवला. जुन्या ग्रंथांत 'शियांगनांग' असा शब्द येतो, आणि त्यातल्या 'नांग'चा अर्थ पिशवी. सम्राट श्वानत्सोंगची लाडकी यांग क्वेफेई इ. स. ७५६ मध्ये मारली गेली. पुढे तिचं शव हलवताना देह कुजलेला होता पण शियांगनांग तसंच होतं, असं इतिहासात आहे. वाचणाऱ्याला साहजिकच वाटायचं की कापडी पुरचुंडी. मग कापड कसं टिकलं? शिळेवरच्या यादीत शियांगनांग आहे, वजनासकट, आणि तळघरातल्या वस्तूंशी ताडून पाहिलं तर ते आहेत जाळीदार चांदीचे गोळे. मोठ्याचा व्यास १२.८ सेंटिमीटर. आत एकमेकींना काटकोनात टेकलेल्या कड्या आणि मधे छोटी वाटी. गोळा कसाही फिरवा, वाटी सपाटच राहते, निखारा सांडत नाही. अंथरुणात ठेवा, अंगावर बाळगा. धातू होता म्हणून टिकला.

मजा पुढे आहे. हुइलिन नावाच्या भिक्षूनं बौद्ध ग्रंथांतल्या शब्दांचा कोश केला होता, त्यात या शब्दाचं वर्णन आहेच: धूप जाळायचं गोल उपकरण, आत युक्ती, बाहेरून कसंही फिरलं तरी आतून सपाट. म्हणजे उत्तर हजार वर्षं लिहून ठेवलेलं होतं. फक्त कोश उघडायच्या आधी प्रत्येकानं 'पिशवी' असं मनात ठरवून टाकलेलं होतं. माझ्या लोबानासारखंच.

पदार्थांचं काय? शिळेवर सुगंधी द्रव्यांच्या 'डोंगरां'ची नोंद आहे. फ्रँकिन्सेन्सचे, चंदनाचे, लवंगेचे आणि अगरूचे. तळघरातल्या सुगंधी द्रव्यांच्या नमुन्यांचं रासायनिक विश्लेषण २०२२ मध्ये 'प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेस'मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात अगरू मिळालं, अगरू आणि फ्रँकिन्सेन्स यांचं मिश्रण मिळालं, आणि एलेमी मिळाली. एलेमी म्हणजे कॅनेरियम वंशातल्या झाडांची राळ. वर सांगितलेल्या चार डोंगरांत ती नाही.

पण शेफर यांच्या प्रकरणात ती आहे! १९६३ मध्ये, कुठल्याही यंत्राशिवाय, केवळ ग्रंथ वाचून त्यांनी एलेमीला स्वतंत्र उपविभाग दिला होता. हे कळल्यावर मी त्यांच्यावरची निम्मी नाराजी मागे घेतली. पण लगेच दुसरा प्रश्न आला. ही एलेमी 'परदेशी' धरायची का? कॅनेरियमची झाडं आग्नेय आशियात आहेत, तशीच दक्षिण चीनमध्येही आहेत. ज्याला चिनी ऑलिव्ह म्हणतात ते त्याच वंशातलं. थांग काळातल्याच दक्षिणेच्या एका वर्णनात याच झाडाची राळ शिजवून जहाजांच्या फटी बुजवायला वापरत असल्याचं आलं आहे. म्हणजे जे राजाच्या अर्पणात सुगंध, तेच बंदरात डांबर. आपल्या पश्चिम घाटातही या वंशातलं कॅनेरियम स्ट्रिक्टम आहे, त्याची काळी राळ धुपासाठी वापरतात. तेव्हा "एलेमी सापडली, म्हणून दूरचा व्यापार होता" ही उडी मला मोठी वाटते. जात ठरली, उगम ठरला, तर गोष्ट वेगळी. एलेमीच्या ओळखीचे जे टिकाऊ रेणू, अल्फा आणि बीटा अमायरिन, ते पुष्कळ झाडांत असतात. त्यांचं प्रमाण, सोबतचे रेणू आणि बॉसवेलिक आम्लांचा अभाव असा सगळा पुरावा जुळवून वंशापर्यंत जाता येतं. त्यापुढे जाणं फार अवघड. हेच फ्रँकिन्सेन्सलाही लागू. बॉसवेलियाच्या जाती अरबस्तानात आहेत, आफ्रिकेत आहेत, आणि सातपुड्यात, मेळघाटात आपली सालई आहे ती बॉसवेलिया सेराटा.

या पेपरबद्दल आणखी दोन गोष्टी म्हणाव्याशा वाटतात. एक, अगरू-फ्रँकिन्सेन्सच्या मिश्रणाचा सगळ्यात जुना पुरावा, हा दावा वाचताना 'अगरू-फ्रँकिन्सेन्स' हे शब्द ठळक करून वाचा. कारण मिश्रणच म्हणाल तर मावांगतुईचं पात्र हजार वर्षं जुनं आहे. बातमी लिहिणारे हेच विशेषण आधी गाळतात. दोन, नमुने साठवलेल्या, अर्पण केलेल्या द्रव्यांचे आहेत. त्यावरून राजघराण्यानं काय दिलं ते कळतं. काय जाळलं, कसं जाळलं, आणि खोलीत वास कसा आला, ते त्यातून कळत नाही. जे रेणू नाकापर्यंत पोचतात ते उडून जाणारेच असतात, आणि अकराशे वर्षांत उरतात ते जड, न उडणारे. म्हणजे वासाच्या इतिहासात यंत्राला नेमका वासच सापडत नाही. हा त्या टीमचा दोष नाही, तो पद्धतीचा स्वभाव आहे. अशा ठिकाणी शेफर यांचा कवितांवर आणि दंतकथांवरचा भर, जो मला पहिल्या वाचनात सैल वाटला होता, तोच एकदम कामाचा वाटतो.

सोंग काळात तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. जाणकार लोक राळ पेटवायचंच सोडून देतात. राखेत निखारा पुरायचा, वर अभ्रकाची किंवा चांदीची पातळ चकती ठेवायची, आणि तिच्यावर सुगंधाची गोळी फक्त तापवायची. धूर नको, वास हवा. तापवणं आणि जाळणं यांतून निघणारे रेणू वेगळे. हुआंग थिंगच्येन यांच्यासारखा मोठा कवी या छंदात बुडालेला होता. होंग छू यांचा 'शियांगपू' हा सुगंधावरचा ग्रंथ त्याच काळातला, आणि असे पाककृतींसारखे ग्रंथ नंतर मिंग अखेरपर्यंत लिहिले गेले. सोंग काळातल्या धूपपात्राच्या तळाशी काही सापडलं नाही, तर ते वापरलं नव्हतं असं म्हणण्याआधी ही चकती आठवावी.

आकड्यांबद्दल एक छोटी गोष्ट सांगून थांबतो. च्वानचौच्या खाडीत सापडलेलं दक्षिण सोंग काळातलं जहाज १९७४ मध्ये खणून काढलं. त्यातल्या सुगंधी लाकडाचं वजन सुमारे २,३५० किलो असं दिलं जातं. अहवालातला मूळ आकडा ४,७०० च्यिनच्या वरचा आहे, आणि तिथे स्पष्ट म्हटलंय की हे वजन लाकूड वाळवण्याआधीचं आहे. सातशे वर्षं चिखलात भिजलेलं लाकूड! 'ओलं' हा शब्द गाळून हा आकडा व्यापाराच्या तक्त्यात टाकला तर तो मापनच उरत नाही.

माझ्या रिव्ह्यूमध्ये आता तक्ता बदललाय. 'पदार्थ' असा एकच रकाना होता, त्याचे पाच केलेत: त्या काळातलं नाव, कुठल्या ग्रंथात किंवा थडग्यात, कुठल्या वर्षीचं, आजचं वनस्पतीचं नाव, आणि ते कोणी कशावरून ठरवलं. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आन्शीशियांगला दोन ओळी दिल्यात. मराठीतला 'ऊद' अगरूवरून बेंझॉइनवर कधी सरकला, त्या ओळीतले तीन रकाने अजून कोरे आहेत. जुन्या बखरी, मोडी कागदपत्रं किंवा बाजारभावाच्या याद्या यावर कोणी काम करत असेल आणि त्यात ऊद, लोबान, अगर वेगवेगळे लिहिलेले आढळले असतील, तर खाली जरूर लिहा. दर लिहिलेला असेल तर तोही द्या, कारण अगरूच्या आणि बेंझॉइनच्या किमतीत इतका फरक असतो की दरावरूनही पदार्थ ओळखता येईल असं मला वाटतंय.